काला आंबवर मिळालेला सल्ला

प्रश्न : आम्ही मूळचे सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याचे. वडिलांनी पानिपतच्या बाजारात गाळा भाड्याने घेऊन गलाईचा (सोने-चांदी गाळण्याचा) धंदा सुरू केला, आता तो मी चालवतो. मालकाने गाळा खाली करून मिळावा म्हणून रेंट कंट्रोलरकडे अर्ज केला आहे. भाडे थकले आणि दुकान मुलासाठी हवे, अशी दोन कारणे दिली आहेत. भाडे आम्ही बहुतेक रोखीने देत आलो, पावत्या थोड्याच आहेत. आमचे वकील माणूस म्हणून वाईट नाहीत, पण फोन उचलत नाहीत. त्यांचा मुन्शी ‘तारीख पड गई’ एवढेच सांगतो. डिसेंबरात भाच्याने मोबाइलवर केस काढून दाखवली, तर आमचा पुरावा कोर्टाने आदेशाने बंद केल्याचे त्यात लिहिलेले. मला साक्षीला कुणी बोलावलेच नव्हते. पुढे १४ जानेवारीला काला आंबवर, पानिपतच्या लढाईच्या स्मारकावर, महाराष्ट्रातून मंडळी आली होती, त्यांत पुण्याचे एक वकील भेटले. ते म्हणाले, “मालकाने नव्वद दिवसांची नोटीस दिली होती का? नाही ना? मग हा अर्ज टिकतोच कसा? तुमच्या वकिलाने केस घालवली.” तेव्हापासून झोप नाही. दुसऱ्या वकिलाला विचारले तर पहिले रागावतील का? फाइल देतील का? आणि विचारायचे तर कुणाला? दिल्लीत एखादा मराठी वकील गाठावा का?
— एक वाचक, पानिपत

उत्तर : दुसऱ्या वकिलाचे मत घ्यायला तुम्हाला कुणाचीही परवानगी लागत नाही. पहिल्या वकिलाची नाही, कोर्टाची नाही, बार असोसिएशनची तर नाहीच. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या आचारनियमांतला ३९ वा नियम पक्षकारांना अधूनमधून ऐकवला जातो. तो एवढेच म्हणतो की, ज्या प्रकरणात एकाचे वकीलपत्र दाखल आहे त्यात दुसऱ्याने त्याच्या संमतीशिवाय उभे राहू नये. संमती मिळत नसेल तर कारण सांगून कोर्टाची परवानगी घ्यावी. कागद वाचून मत देण्याला हा नियम आड येत नाही. तुमचे वकील रागावतील की नाही हे मी सांगू शकत नाही, पण रागावले तरी तुमचे काही अडत नाही.

आता पुण्याच्या वकिलांचे. ते खोटे बोलले नाहीत, फक्त दुसऱ्या राज्याचा कायदा सांगून गेले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम १५ प्रमाणे थकबाकीसाठी भाडेकरूला बाहेर काढायचे, तर मालकाने आधी लेखी मागणीची नोटीस द्यावी लागते आणि नव्वद दिवस थांबावे लागते. पानिपतला तो कायदा नाही. तिथे हरियाणाचा १९७३ चा शहरी भाडे व निष्कासन नियंत्रणाचा कायदा चालतो. त्यात भाडेकरूला वाचवणारी तरतूद नोटिशीत नाही, पहिल्या सुनावणीत आहे. अर्ज बजावल्यानंतर पहिल्या सुनावणीपासून थोड्या दिवसांत थकलेले भाडे, व्याज आणि खर्च भरला, तर थकबाकीचे कारण निकालात निघते. तुमच्या वकिलांनी त्या वेळी ‘एवढे भरा’ असे सांगितले होते का, आणि तुम्ही भरले का, हे तुमच्या पत्रात नाही. जो कुणी दुसरा वकील तुमचे कागद हातात घेईल, तो सगळ्यांत आधी हेच विचारील. पैसे वेळेत भरलेले असतील, तर तुमच्या वकिलांनी अर्धी लढाई तेव्हाच मारली, आणि काला आंबवरचा निकाल त्यांच्यावर अन्याय करणारा आहे.

दुसरे कारण, मुलासाठी दुकान हवे. इथे एक गंमत आहे. हरियाणाचा कायदा नुसता उघडून वाचला, तर मालकाच्या स्वतःच्या गरजेची तरतूद राहत्या जागेपुरती वाटते, आणि दुकानाच्या भाडेकरूला उगाच हायसे वाटते. पण अशोक कुमार विरुद्ध वेद प्रकाश या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हरियाणातल्या व्यापारी जागेलाही मालकाची खरी गरज हे कारण लागू धरले. इंटरनेटवर कलम वाचून ‘आपण जिंकणारच’ म्हणत बसलेले भाडेकरू याच ठिकाणी पडतात. याच कायद्याची आणखी एक अट पाहण्यासारखी आहे. नव्या इमारतीला बांधकाम पूर्ण झाल्यापासून दहा वर्षे हा कायदा लागूच होत नाही. वडिलांच्या वेळचा गाळा म्हणजे तुम्हाला तो प्रश्न बहुधा नसेल, पण मधल्या काळात इमारत पाडून पुन्हा बांधली असेल तर आहे. तेव्हा दुसरे मत घ्यायचे ते अशा माणसाचे, ज्याच्या रोजच्या कामात हा कायदा आहे.

म्हणून दिल्लीचा विचार सोडा. पानिपत राजधानी क्षेत्रात येते, पण ते नगररचनेपुरते. कोर्टाच्या हिशेबाने पानिपतचे वरचे न्यायालय चंडीगडला आहे, पंजाब आणि हरियाणाचे एकच. रेंट कंट्रोलरच्या निकालावर अपील पानिपतलाच अपिलीय प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे, आणि त्यापुढची फेरतपासणी चंडीगडला. दिल्लीत भाड्याचा १९५८ चा वेगळा कायदा आहे. तिथला वकील मराठीत गोड बोलेल आणि पुण्याच्या पाहुण्यांसारखीच चूक करील. चंडीगडला हरियाणातल्या भाडेप्रकरणांच्या फेरतपासण्या चालवणारा वकील तुमच्या कामाचा. पानिपतमध्ये आज गेलेले दुकान दोन वर्षांनी वरच्या कोर्टात कोणत्या मुद्द्यावर अडते, ते तो रोज पाहत असतो. शिवाय पानिपतच्या कोर्टात तुमच्या वकिलांच्या शेजारी बसणाऱ्याकडे जायचा संकोचही राहत नाही. तिथलाच कुणी निवडायचा असेल, तर पहिल्या भेटीत फक्त दोन्ही पक्षांची नावे सांगा, हकिगत नको. त्याने किंवा त्याच्या चेंबरमधल्या कुणी मालकाचे काम घेतले असेल तर तिथेच थांबता येते. व्यावसायिक म्हणून वकिलाला सांगितलेली गोष्ट कायद्याने झाकलेली असते (आधी पुरावा कायद्याच्या कलम १२६ ने, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ ने), पण चहाच्या टपरीवर सांगितलेली तशी नसते.

जाताना गोष्ट घेऊन जाऊ नका, कागद घेऊन जा. पक्षकार दुसऱ्या वकिलासमोर बसला की सगळा राग पहिल्यावर काढतो, आणि समोरचाही माणूसच असल्याने मान हलवतो. त्यातून मत तयार होत नाही. मालकाचा अर्ज, तुमची कैफियत (तिकडे ‘जवाब’ म्हणतात), भाडेचिठ्ठी, असतील तेवढ्या पावत्या, बँकेतून एकदा तरी भाडे दिले असेल तर त्याचा उतारा, मालकाच्या साक्षीची आणि उलटतपासणीची प्रत, आणि सगळ्या तारखांचे आदेश, एवढे हवे. तुमच्या वकिलांकडून हे मिळायला वेळ लागत असेल, तर पक्षकार म्हणून तुम्ही स्वतः कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करून प्रमाणित प्रती घेऊ शकता. भाच्याने मोबाइलवर जो सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक टाकला, तो कागदावर लिहून ठेवा. ई-कोर्ट्सवर त्या क्रमांकाने पुष्कळ आदेश उघडतात.

त्या आदेशांना तिकडे जिमनी ऑर्डर म्हणतात. पाच-सात ओळींचे असतात, तारीख पडल्याचे सांगणारे, आणि वकीलही ते घाईत वाचतात. तुमच्या प्रकरणात मात्र सगळे त्यांतच आहे. पुरावा बंद झाल्याच्या आदेशापासून मागे मागे वाचत चला. बहुधा असे सापडेल : एका तारखेला ‘साक्षीदार हजर नाही, तहकुबीची विनंती’. पुढच्या तारखेला तेच. मग ‘शेवटची संधी’. मग ‘खर्च भरण्याच्या अटीवर शेवटची संधी’. मग बंद. हा खर्च कुणी भरला, की भरलाच नाही, हे पाहा. त्या प्रत्येक दिवशी वकील स्वतः उभे होते, की त्यांच्या जागी दुसऱ्या कुणाची हजेरी आहे, तेही लिहिलेले असते. आणि त्याच दिवसांचे तुमच्या मोबाइलमधले निरोप काढा. मुन्शीने ‘अगली पेशी पर गवाही है, आ जाना’ असा निरोप पाठवलेला आणि तुम्ही त्या दिवशी गावाकडे यात्रेला, असे निघाले तर दुसऱ्या वकिलाला ते आधी सांगा. नाहीतर मालकाचा वकील सांगेल.

हे महत्त्वाचे अशासाठी की, ‘चूक वकिलाची, शिक्षा मला का’ हे म्हणणे कोर्टात चालते, पण नेहमी नाही. १९८१ मध्ये रफिक विरुद्ध मुन्शीलाल या प्रकरणात वकील गैरहजर राहिल्याने अलाहाबाद उच्च न्यायालयात अपील निकालात निघाले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा चालवायला लावले. खेड्यातल्या माणसाने वकील नेमला, फी दिली, त्याने आणखी काय करायचे, असा त्याचा आशय, आणि दोनशे रुपये खर्च गैरहजर वकिलाकडून वसूल करायला सांगितला. हा निकाल पक्षकारांच्या आवडीचा आहे. पण १९९३ मध्ये सलील दत्त विरुद्ध टी. एम. अँड एम. सी. प्रायव्हेट लिमिटेड या प्रकरणात त्याच न्यायालयाने स्पष्ट केले की हा काही सरसकट नियम नव्हे; शहरातली, जाणती कंपनी वकिलावर सगळे ढकलून मोकळी होऊ शकत नाही. तुम्ही या दोघांच्या मध्ये कुठेतरी आहात. बाजारात दुकान आहे, हातात मोबाइल आहे, कोर्ट त्याच गावात आहे. तेव्हा पुरावा पुन्हा उघडण्याचा अर्ज करायचा, तर ‘वकिलाने कळवले नाही’ या एका वाक्यावर उभा राहणार नाही. बंद आदेशाविरुद्ध चंडीगडला घटनेच्या अनुच्छेद २२७ खाली जाता येते, आणि खर्च भरून एक संधी दिल्याची उदाहरणे तिथे पुष्कळ आहेत. पण ‘कळल्यावर किती दिवसांत आलात’ हा प्रश्न तिथे येतोच. तुम्हाला डिसेंबरात कळले.

लोक याची तुलना दुसऱ्या डॉक्टरांच्या मताशी करतात. ती एका बाजूने खरी आहे, पण दुसऱ्या डॉक्टरला शरीर पुन्हा तपासता येते, हवे तर रक्त पुन्हा काढता येते. दुसऱ्या वकिलाला कोर्टाच्या दप्तरात जे आहे तेवढ्यावरच बोलावे लागते. जी पावती वेळेत दाखल झाली नाही ती अपिलात घुसवणे फार अवघड. म्हणून निकालानंतर घेतलेले दुसरे मत बहुतेक वेळा शवविच्छेदन होते. तुमचे प्रकरण अजून रेंट कंट्रोलरसमोर आहे, ही तुमच्या बाजूची मोठी गोष्ट.

त्या वकिलाला ‘माझी केस कशी आहे’ असे विचारू नका. त्याला विचारा : थकबाकीचे कारण अजून जिवंत आहे का? मालकाची गरज खोटी ठरवायला दप्तरात आज काय आहे, आणि काय आणता येईल? पुरावा उघडायचा अर्ज खाली करावा की थेट चंडीगडला जावे, आणि किती दिवसांत? सगळे नीट झाले तरी गाळा जाईल असे वाटत असेल तर मालकाशी किती मुदत मागून तडजोड करावी? या शेवटच्या प्रश्नाला जो थेट उत्तर देतो, तो ऐकण्यासारखा. फी आधी ठरवा, द्या, आणि मत दोन पानांत लेखी मागा. लिहिताना माणूस जपून बोलतो. ‘वकीलपत्र द्या, मग सांगतो’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. ‘जिंकलात तर एवढे टक्के द्या’ म्हणणाऱ्याकडे तर मुळीच नको. निकालाशी जोडलेली फी ठरवायला आचारनियमांतच बंदी आहे.

मत हाती आले की त्याच पहिल्या वकिलांकडे जा. पत्रावरून मला वाटते की तुमचे भांडण कौशल्याशी कमी आणि न कळवण्याशी जास्त आहे. ही दोन दुखणी वेगळी. न कळवणारा पण काम जाणणारा वकील एका स्पष्ट भेटीने सुधारतो. कोर्टाचे काम संपल्यावर, संध्याकाळी, मुन्शीला बाजूला ठेवून, जिमनी ऑर्डरींच्या प्रती समोर ठेवून बोला. गोड कळवणारा पण कैफियतीत मुद्दाच न घेणारा सुधारत नाही. दुसऱ्या वकिलाने ‘कैफियत ठीक आहे, उलटतपासणी चांगली झाली आहे’ असे सांगितले, तर मी तुमच्या जागी असतो तर वकील बदलला नसता. पुरावा उघडायचा अर्ज त्यांच्याच हातून, पण दुसऱ्याच्या मसुद्यावर करून घेतला असता. खटल्याच्या मध्यावर नवा माणूस आणला की त्याला दप्तर कळेपर्यंत आणखी तारखा जातात, आणि मालक तेच सांगून तुमच्यावर लांबणीचा आरोप करतो.

बदलायचेच ठरले तर पद्धत सोपी आहे. तुमच्या वकिलांना लेखी कळवा, हिशेब मागा, ना-हरकत मागा. दिली तर नवे वकीलपत्र दाखल. नाही दिली तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या तिसऱ्या आदेशातला चौथा नियम आहे : तुमच्या सहीचा लेखी अर्ज आणि कोर्टाची परवानगी, यांनी जुने वकीलपत्र संपते. वकील खूश असण्याची अट त्यात नाही.

आणि फाइल. ‘बाकी फी द्या, मग फाइल’ हे वाक्य ऐकायची तयारी ठेवा, पण त्यापुढे मान तुकवू नका. आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा हे प्रकरण याच वाक्यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मध्य प्रदेशातल्या राज्य सहकारी बँकेने आपला कायदा सल्लागार बदलला, त्यांनी ९७,१०० रुपये फी बाकी असल्याचे सांगून फाइली अडवून धरल्या. बार कौन्सिलने त्यांना दीड वर्ष वकिलीला बंदी आणि एक हजार रुपये दंड केला. २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा ताकिदीवर आणली, कारण तोवर हा मुद्दा इतका स्पष्ट ठरलेला नव्हता. पण मुद्दा मात्र कायमचा ठरवून टाकला. फीसाठी वकिलाला पक्षकाराच्या फाइलीवर ताबा ठेवता येत नाही, आणि मागूनही न देणे हे गैरवर्तन आहे. फी खरोखर बाकी असेल तर ती द्यायला हवीच, त्यासाठी त्यांना वेगळा मार्ग आहे. तुमच्या पावत्या मात्र तारण नाहीत.

तक्रारीबद्दल तुम्ही विचारले नाही, पण विचाराल. वकील कायदा १९६१ च्या कलम ३५ खाली गैरवर्तनाची तक्रार राज्याच्या बार कौन्सिलकडे होते; तुमच्यासाठी ती पंजाब आणि हरियाणाची, कार्यालय चंडीगडला. ग्राहक मंचाचा रस्ता १४ मे २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बंद झाला आहे; वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात बसत नाही. माझा सल्ला, गाळ्याचा निकाल लागेपर्यंत तक्रारीत शिरू नका. तक्रारीने पुरावा उघडत नाही.

मराठी माणसाला पानिपतच्या नावाने इतिहास आठवतोच, म्हणून एक जाता जाता. १७५० च्या दशकात दिल्लीत मराठ्यांचे वकील, म्हणजे राजकीय प्रतिनिधी, म्हणून हिंगणे बंधू होते आणि फौज घेऊन अंताजी माणकेश्वर. दोघांचे पटत नसे, आणि दोघेही एकमेकांच्या तक्रारी पुण्याला लिहीत. पेशव्यांना दोन मते मिळत होती, पण दोन्ही दूरवरच्या पत्रांतून, आणि दोन्ही मते देणारे एकमेकांवर खार खाऊन. तुमच्यापुढे दप्तर उघडे आहे आणि चंडीगडला जाणारी बस रोज आहे.

वडील हयात नसतील आणि आई वारस म्हणून प्रकरणात पक्षकार असेल, तर आणखी एक दार आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला उत्पन्न कितीही असले तरी मोफत कायदेशीर मदत मिळते. पानिपतच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात आईच्या नावाने अर्ज करता येईल. १५१०० या क्रमांकावर फोन केला तरी चालते. तिथे मिळणारा वकील तुमच्या निवडीचा असेल असे नाही, पण कागद वाचून प्राथमिक सल्ला मिळतो, आणि चंडीगडला जाण्याआधी तेवढाही उपयोगी पडतो.

पुढची तारीख कोणती आहे ते तुम्ही लिहिलेले नाही. ती ई-कोर्ट्सवर पाहा, आणि तोवर वकील जुने असोत की नवे, त्या दिवशी सकाळी दहाला तुम्ही स्वतः कोर्टात हजर राहा. पावत्या सोबत असू द्या.